मंडळीपुढचा जबाब

१८४३ साली मुंबईत शेषाद्री आडनावाच्या दोघा ब्राह्मण भावांनी आपल्या जातभाईंची झोप उडवली. थोरला नारायण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकता शिकता ख्रिस्ती झाला आणि रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत त्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला, तिथेच जेवूखाऊ लागला. प्रकरण कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा अजाण आहे असे ठरवले आणि त्याला बापाच्या हवाली केले. खटला मिटला, पण भांडणाला खरे तोंड तिथून फुटले. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न पोटात गेलेला मुलगा जातीत परत येऊ शकतो का? प्रायश्चित्त देऊन त्याला घेता येते, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी लावून धरली, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावरच बहिष्काराचे हत्यार उपसले. या प्रकरणात एका मुलाला तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न विचारले गेले. कोर्टाने त्याचे वय विचारले, जातीने त्याने काय खाल्ले ते विचारले आणि मिशनने तो काय मानतो ते विचारले. पहिले दोन प्रश्न असे होते की त्यांची उत्तरे मुलाऐवजी दुसऱ्या कोणीही देऊ शकत होते. तिसऱ्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागणार होते.

हा तिसरा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळींचा रोजचा रिवाज होता. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ मध्ये मुंबईत आली आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांनी ठाणे घातले. ती ज्या परंपरेतून आली तिथे जन्माने कोणी मंडळीचा पूर्ण सभासद होत नसे. पाप कसे उमगले, पश्चात्ताप कसा झाला, ख्रिस्तावर भरवसा केव्हा आणि कशाने बसला, हे उमेदवाराने स्वतःच्या तोंडाने सांगायचे. मग मंडळी आणि पाळक त्याला उलटसुलट विचारणार, समाधान झाले तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, नाहीतर थांबायचे. स्कॉटिश मिशनही पाण्याच्या आधी परीक्षा घेई. ख्रिस्ती श्रद्धेने मराठी माणसाच्या स्वतःकडे पाहण्यात काय बदल केला, याचे उत्तर बहुतेक लोक सिद्धान्तात शोधतात: देवाच्या प्रतिरूपात घडलेला माणूस, मूळ पाप, तारण. सिद्धान्त महत्त्वाचे आहेतच, पण माणसाची नजर फिरते ती त्याला काय करायला लावले त्याने. माझे म्हणणे असे की या श्रद्धेने मराठीत रुजवली ती स्वतःच्या आयुष्याचा गद्यात, चारचौघांपुढे, आधी आणि नंतर असे दोन भाग पाडून जबाब देण्याची सक्ती. ज्यांनी तो जबाब प्रामाणिकपणे दिला ते पुढे मिशनच्याही हाती राहिले नाहीत, हा तिचा न ठरवलेला परिणाम.

यावर पहिला आक्षेप कोणीही घेईल आणि तो वजनदार आहे. मराठीला स्वतःविषयी बोलायला शिकवायला परदेशी पाद्री कशाला हवे होते? नामदेवांनी आपले जीवन अभंगांतून सांगितले. तुकोबांनी दुकान बुडाल्याचे, दुष्काळात बायको गेल्याचे, लोकलाजेचे सांगितले. बहिणाबाईंनी तर सतराव्या शतकात आत्मनिवेदन रचले. त्यात देवगावचा जन्म आहे, नवऱ्याचा मार आहे, वासराची माया आहे, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह आहे. हे सारे खरे, आणि जबाबाची रीत मराठीला परकी वाटली नाही याचे एक कारण ही पूर्वतयारी असणार. पण बहिणाबाईंचे निवेदन ध्यानात घ्यावे. त्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगतात आणि चालू आयुष्य हे त्या मालिकेतले तेरावे मानतात. त्यांचा ‘मी’ जन्माजन्मांतून वाहत आला आहे, त्याला एका दिवशी तोडता येत नाही. मंडळीपुढच्या जबाबात आयुष्य एकच असते आणि त्याला मध्येच मोड असते, तीही शक्यतो तारखेसकट. संतांचा श्रोता देव असतो, शिष्य असतो, पोटचा मुलगा असतो, आणि त्यातला कोणीही ‘तुझे म्हणणे पटले नाही, पुढच्या खेपेला ये’ असे म्हणत नाही. पाळक म्हणू शकत असे. स्वतःचे बोलणे तपासले जाईल, या जाणिवेने बोलणाऱ्याचा ‘मी’ वेगळा घडतो. तो कारणे देतो, क्रम लावतो, आठवणींना पुरावा मानू लागतो.

या नव्या ‘मी’चा पहिला सणसणीत नमुना म्हणजे बाबा पदमनजी. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ साली जन्मलेले पदमनजी मिशनच्या शाळांत शिकले, आणि मुंबईत असताना परमहंस मंडळीत जाऊ लागले. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये सुरू झालेली ही सभा जातिभेद मोडायला निघाली होती. सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, असा तिचा दंडक. पण सारे गुप्त. बंद दाराआड पाव खायचा आणि घरी येऊन सोवळ्यात बसायचे. सभासदांची यादी फुटल्याचे कळताच १८६० च्या सुमारास मंडळी विरून गेली. पदमनजींनी तिचा नाद आधीच सोडला होता. १८५४ मध्ये बेळगावात त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला. मते दोन्हीकडची फारशी लांब नव्हती. जात खोटी, मूर्तिपूजा खोटी, देव एक, एवढे परमहंसांनाही मान्य होते. फरक होता तो हे मत बाळगणाऱ्याने कसे जगावे याबद्दल. आत एक आणि बाहेर एक असणे परमहंसांच्या लेखी शहाणपण होते, पदमनजींच्या लेखी ते पाप ठरले. आज परमहंस मंडळीबद्दल आपल्याला जे आतले तपशील माहीत आहेत त्यांतले बरेच पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रामुळे माहीत आहेत. गुप्ततेची शपथ घेतलेल्यांनी तोंड मिटून घेतले आणि जबाब देण्याची सवय लागलेल्याने सगळे लिहून ठेवले, यात नवल नाही.

‘अरुणोदय’ १८८० च्या दशकात छापून आले. त्याच्या घाटावर मंडळीपुढच्या जबाबाचा ठसा स्पष्ट आहे. लहानपणची भाविकता, व्रते, शंका, पुस्तके, मित्र, पुन्हा शंका आणि शेवटी निर्णय, असे ते चालते. कथा मुख्यतः बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबते. लेखक पुढे अर्धशतकाहून अधिक जगला, ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीच्या आरंभी उभा राहिला, शब्दकोशांचे काम केले, पुण्यात पाळकाची दीक्षा घेतली, १९०६ साली वारला. यातले बरेचसे त्याला आपल्या आयुष्याच्या कथेत आवश्यक वाटले नाही. इथे या रिवाजाची मर्यादाही उघडी पडते. आधीचा भाग अंधार आणि नंतरचा उजेड, हा साचा ठरलेला असला की बालपणीच्या गोडीलाही संशयाने पाहावे लागते. आईच्या देव्हाऱ्याबद्दल प्रेमाने लिहिले तर जबाब कच्चा ठरण्याची भीती. त्यात परदेशी देणगीदारांना वाचून दाखवायला असे अंधार-उजेडाचे किस्से मिशनच्या नियतकालिकांना हवेच असत. धर्मांतरितांनी पूर्वजांना काळे फासले, हा आरोप पुढे झाला, त्यातला काही भाग मला खरा वाटतो. मात्र तो साच्यावरचा आरोप आहे. साच्यातून निसटलेल्यांकडे वळले की चित्र पालटते.

त्याआधी दुसरा आक्षेप. हा ‘मी’ इंग्रजी शिक्षणाने, छापखान्याने आणि कायद्याने घडवला, ख्रिस्ती श्रद्धा त्याची फक्त एक प्रवासी होती, असे म्हणता येईल. १८५० च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला, १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाची तरतूद केली. एकट्याने निर्णय घेऊन उपाशी मरू नये, इतकी सोय सरकारने केली हे मान्यच. पण नुसत्या शिक्षणाने काय होते याचा पडताळा आपल्याकडे आहे. दादोबा पांडुरंगांनी आत्मचरित्र लिहिले, आणि तेही पदमनजींच्या आधी हाती घेतले, पण ते वाचकांपुढे छापून यायला १९४७ साल उजाडले. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले यांच्यासारख्यांपुढे चहा आला आणि त्यावरून ग्रामण्य उभे राहिले. महाराष्ट्रातली सर्वांत शिकलेली डोकी त्या खोलीत होती. वर्ष-दोन वर्षे वाद चालला, शंकराचार्यांपर्यंत गेला, रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. या अवधीत कोणी कोणाला ‘तुम्ही काय मानता?’ असे विचारले नाही. कप ओठाला लागला की नाही, एवढेच विचारले. रानडे भेकड होते असे मुळीच नाही. स्नेह्यांना तोडून एकट्याचे सत्य मिरवणे त्यांना नैतिकदृष्ट्या हलके वाटत असावे, आणि या भूमिकेचाही मान राखला पाहिजे. पण शिक्षण तेच असून एका रिवाजात वाढलेला माणूस चारचौघांत उभा राहतो आणि दुसऱ्या रिवाजातला समेट करतो, हे दिसते ते दिसतेच.

पंडिता रमाबाईंमध्ये हा जबाब देण्याचा धर्म टोकाला गेला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह ख्रिस्ती झाली. महाराष्ट्राला धक्का बसला, आणि वाँटेजच्या भगिनींना आनंद. तो फार टिकला नाही. त्या भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. धर्माच्या आधुनिक इतिहासात इतका रोखठोक वाद मराठी माणसाच्या नावावर क्वचितच असेल. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्याला पटलेला नाही हे त्या लपवत नाहीत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत हा आग्रह त्यांना मान्य नाही. आपल्या लोकांना लॅटिन परके, संस्कृत जवळचे, असे त्यांचे म्हणणे. चेल्टनहॅमला पुरुषांना शिकवण्याचा बेत निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. बाईने पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानी लोकांना रुचणार नाही, असा त्यांचा कयास. पंडितसभांत पुरुषांपुढे शास्त्रार्थ करून आलेल्या बाईला हे ऐकून घ्यावे लागले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: मी एका पुरोहितवर्गाच्या हुकुमातून सुटून आले ते दुसऱ्याच्या हुकुमात जाण्यासाठी नाही, देवाने मला सदसद्विवेक दिला आहे आणि धर्मपुस्तक मी स्वतः वाचीन. सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. मला त्यात तर्कशुद्धता दिसते. माणूस देवापुढे एकटा उभा आहे असे एकदा शिकवले, की मध्ये उभे राहणाऱ्याला बाजूला हो म्हणायचा हक्क त्यासोबत दिला जातोच.

रमाबाईंनी पुढे आधी-नंतरचा साचाही मोडला. १९०७ मध्ये केडगावच्या मुक्तिमिशनच्या छापखान्यातून त्यांची इंग्रजी साक्ष निघाली. तीत १८८३ चा बाप्तिस्मा हा शेवटचा मुक्काम नाही. तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षे लागली, असे त्या सांगतात. म्हणजे मोड एकच नव्हती. आणि वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याविषयी, तीर्थाटनातल्या हालांविषयी, दुष्काळात गेलेल्या आईबापांविषयी त्या लिहितात तेव्हा त्यांच्या धर्माविषयीची टीका तीव्र असली तरी त्या माणसांविषयीचा आदर लपत नाही. मात्र त्यांच्या वर्तनातही एक गाठ आहे. १८८९ मध्ये मुलींसाठी काढलेल्या शारदासदनात धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही असे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली. स्वतःची श्रद्धा बंद दाराआड ठेवणे म्हणजे परमहंसांचाच मार्ग, हे रमाबाईंच्या बाजूने म्हणता येते. पण आश्रयाला आलेल्या, दुसरे घर नसलेल्या मुलीचा होकार कितपत तिचा, हे विचारणाऱ्यांचा प्रश्नही पोकळ नव्हता. एकट्याचा सदसद्विवेक मानणाऱ्या धर्माला अवलंबून असलेल्या माणसाच्या मर्जीचा हिशेब नीट जमला नाही, हे कबूल केले पाहिजे.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. आधी-नंतरची भिंत त्यांनी उलट बाजूने पाडली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्राचे संपादन, अभंग, कीर्तन हे सारे त्या पुलावरची येजा चालू राहावी म्हणून. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत ही कल्पना. ज्या पाण्यापुढे जबाब द्यायचा, त्या पाण्याचीच सक्ती त्यांनी दूर सारली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग याहून वेगळा. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही आपली चूल आणि सोवळे सांभाळून, आणि १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त या प्रवासात सिद्धान्तांना जागा थोडी. पाणी कोणाच्या हातचे प्यायचे, ताट कोणाबरोबर मांडायचे, यातून त्यांची जात हळूहळू गळत गेली. मुलाला वडिलांच्या चरित्रासाठी टिपणे हवी होती म्हणून लिहायला घेतलेल्या या पुस्तकात बाप्तिस्मा हे एक प्रकरण आहे, बिऱ्हाडे, भांडणे, प्लेग, विसरभोळा कवी नवरा यांच्या रांगेतले. आणि तरी हे पुस्तक त्याच रिवाजाचे फळ आहे. नवऱ्याविषयी आणि स्वतःविषयी काहीही न झाकता सांगण्याची मुभा इथे आहे. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ शेजारी ठेवून वाचावे. त्या पुस्तकातही सोसलेले बरेच आहे, पण लेखणी पतीच्या आदराबाहेर पाऊल टाकत नाही.

श्रद्धेपेक्षा रिवाजाला मी इतके श्रेय का देतो, याचे उत्तर वसई आणि गोव्यात आहे. तिथला ख्रिस्ती धर्म या सर्वांहून तीन शतके जुना. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाची रचना चर्चमध्ये जमलेल्या श्रोत्यांना ऐकवण्यासाठी, पुराण ऐकवावे तशी. पापाची कबुली तिथेही होती, कुमसार होताच, पण तो पाद्रीच्या कानात, खाजगी, दरवर्षी पुन्हा पुन्हा. आयुष्यभराची एक गोष्ट सर्वांपुढे मांडायची गरज नव्हती, कारण बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. तिथे स्वतःची ओळख गावाने, चर्चने, जातीने ठरत राहिली: सामवेदी, वाडवळ, कोळी, गोव्यात गावकार. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुंबई-ठाण्याच्या कॅथलिकांनी गोव्याहून आलेल्यांपासून वेगळे दिसावे म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. तो निर्णय एका समाजाने घेतला, समाजासाठी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘नाही मी एकला’ हे नाव दिले. ते ज्या वसईतून आले तिथे ते साजेसेच होते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. वर आलेली प्रोटेस्टंट माणसे बहुतेक उच्चवर्णीय, निदान लिहिती. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार आणि मांग समाजांतून आले, कुटुंबेच्या कुटुंबे, आणि १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर मोठ्या संख्येने. मिशनऱ्यांनाच शंका येई की ही श्रद्धा आहे की भाकरी. त्यांच्या अंतःकरणाचा एकट्याचा जबाब कुठे आहे? छापील स्वरूपात तो फारच थोडा आहे हे खरे, आणि म्हणून माझा दावा त्यांच्यावर जसाच्या तसा लादता येत नाही. पण दुष्काळात मिशनकडे वळणे आणि स्वतःकडे नव्याने पाहणे यांत विरोध आहे असे समजणे ही पोट भरलेल्यांची कल्पना आहे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याच्या नावाची मंडळीच्या वहीत नोंद होणे, त्याला प्रश्नोत्तरावली पाठ करायला लावणे, त्याच्या उत्तराची वाट पाहणे, हीच मुळात नवी गोष्ट होती. ‘ज्ञानोदय’ने १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग मुलीचा निबंध छापला. ती ख्रिस्ती नव्हती. वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. तिच्या त्या प्रश्नात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ मोठा आहे. नगरच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती माणसाचा जबाबही बहुधा असाच अनेकवचनी असणार, आणि एकवचनाला सरावलेल्या मिशनऱ्यांना तो ऐकू आला नसणार.

तो जबाब आज सरकारी कागदावर द्यावा लागतो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ही ओळख हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये तीत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. कायद्याच्या हिशेबी महार ख्रिस्ती झाला की त्याची जात संपते, गावाच्या हिशेबी संपत नाही. परिणामी अनेक घरांत रविवार चर्चचा आणि दाखला हिंदू जातीचा, अशी वाटणी झाली आहे. पदमनजींनी जे सोडण्यासाठी घरदार सोडले, ते आत एक बाहेर एक जगणे या कुटुंबांवर लादले गेले आहे. त्याबद्दल त्यांना ढोंगी म्हणणारे चर्चमध्येही भेटतात आणि बाहेरही. हा प्रश्न वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर आयोग नेमला. धर्म बदलल्यावर या माणसांच्या चालीरीतींत आणि सामाजिक स्थितीत काय बदलले, हे तपासण्याचे काम त्याच्याकडे दिले गेले.